स्टॅटिनची गोळी चालू झाली? मग दुसऱ्या चिठ्ठीकडे लक्ष ठेवा

गेल्या पावसाळ्यात एक काका दुकानात आले. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या दोन चिठ्ठ्या. एक गोव्याच्या हृदयरोगतज्ज्ञाची, दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसवला तेव्हापासूनची: अ‍ॅटॉर्व्हास्टॅटिन ४०, रोज रात्री. दुसरी ताजी, त्वचेच्या डॉक्टरांची: इट्राकोनॅझोल १००, दिवसातून दोनदा, चार आठवडे. कमरेला गजकर्ण उठलं होतं.

"काका, कोलेस्ट्रॉलची गोळी चालू आहे हे या डॉक्टरांना सांगितलंत?"

"त्यांनी इचारल्यानीच नाय. आणि खाजीचो नि काळजाचो काय संबंध गो?"

संबंध होता, आणि चांगलाच होता. दोन्ही डॉक्टर आपापल्या जागी बरोबर होते, फक्त एकाला दुसऱ्याची चिठ्ठी दिसली नव्हती. सव्वीस वर्षं सिंधुदुर्गात मेडिकलच्या काउंटरमागे उभी राहून मला हेच दिसत आलंय. स्टॅटिन, म्हणजे कोलेस्ट्रॉल कमी करणारी ही गोळी, एकटी असली की बहुतेकांना सुखाने मानवते. घोटाळा होतो तो दुसऱ्या चिठ्ठीने. तुमची गोळी नुकतीच चालू झाली असेल, तर सुरुवातीलाच चार कामं करून ठेवा.

आधी बारीक अक्षरं वाचा

पाकिटावर मोठ्या अक्षरात असतं ते कंपनीने ठेवलेलं नाव. आपल्याला हवं ते त्याच्या खाली, बारीक अक्षरात असतं: औषधाचा घटक. त्याच्या शेवटी "स्टॅटिन" असेल. आपल्याकडच्या चिठ्ठ्यांवर मुख्यतः दोनच दिसतात, अ‍ॅटॉर्व्हास्टॅटिन आणि रोसुव्हास्टॅटिन. अधूनमधून सिम्व्हास्टॅटिन, पिटाव्हास्टॅटिन किंवा प्राव्हास्टॅटिन. नावाशेजारी १०, २०, ४० असा आकडा असतो, तो मिलिग्रॅमचा. हे दोन्ही पाठ करा. "ती बारकी पांढरी गोळी" असं सांगून काम होत नाही, कारण माझ्या दुकानात बारक्या पांढऱ्या गोळ्या शेकड्याने आहेत.

नाव कशासाठी? एक तर सगळ्या स्टॅटिन शरीरात एकाच वाटेने जात नाहीत, त्यामुळे एकीला जे औषध बाधतं ते दुसरीला बाधेलच असं नाही. दुसरं कारण आमच्या घरातलंच आहे. आमच्या अप्पांना मुंबईच्या डॉक्टरांनी रोसुव्हास्टॅटिन दिली होती. ते गावी आले, बीपी दाखवायला इथल्या एका दवाखान्यात गेले, तिथे त्यांना एक कॅप्सूल मिळाली. नावापुढे दोन इंग्रजी अक्षरं जोडलेली. आत होती अ‍ॅस्पिरिन आणि अ‍ॅटॉर्व्हास्टॅटिन. अप्पांनी दोन्ही औषधं इमानेइतबारे महिनाभर घेतली. मुलगी औषधं विकते, आणि बापाच्या डब्यात दोन स्टॅटिन! मला ते कळलं गणपतीत, डबा पुसताना. त्यांना काही झालं नाही, हे नशीब.

अशा जोडगोळ्या आता फार आहेत. स्टॅटिनबरोबर अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, फेनोफायब्रेट, इझेटिमाइब, काय हवं ते. नावापुढच्या "एव्ही", "एफ", "गोल्ड" यांचा अर्थ कंपनीगणिक बदलतो, त्यांवर विसंबू नका. घटक वाचा. जनऔषधी केंद्रातून घेतलीत तर तिथे घटकाचंच नाव ठळक असतं, हा एक फायदाच.

मग डबा उपडा करा

घरात जिथे जिथे औषध आहे तिथून सगळं आणून ओटीवर एका चादरीवर मांडा. फ्रिजच्या दारातलं, देव्हाऱ्याशेजारचं, चाकरमान्यांनी आणून दिलेलं, उरलेलं, वैद्यांनी दिलेलं चूर्ण, मालिशचं तेलसुद्धा. रोज घेता ते एका बाजूला, कधीतरी घेता ते दुसऱ्या बाजूला. दुसरा ढीगच जास्त महत्त्वाचा. रोजच्या गोळ्या डॉक्टरांना ठाऊक असतात. गुडघा दुखला की, पोट जळलं की, ताप आला की जे तोंडात टाकतो, ते कोणालाच ठाऊक नसतं.

मेटफॉर्मिन, टेल्मिसार्टन, पॅरासिटामॉल या नेहमीच्या मंडळींचं स्टॅटिनशी सहसा भांडण नाही. त्यांच्यासाठी घाबरू नका.

यकृतातली फेरीबोट

हे समजून घेतलं की पुढचं सगळं आपोआप समजतं. अ‍ॅटॉर्व्हास्टॅटिन आणि सिम्व्हास्टॅटिन यांची विल्हेवाट यकृत आणि आतड्यातलं एक विकर (एन्झाइम) लावतं, नाव सीवायपी३ए४. दाभोळ-धोपावेची फेरीबोट डोळ्यांसमोर आणा. एकच बोट, तिच्यातून गाड्या पलीकडे जातात. आता एखाद्या औषधाने ती बोटच धक्क्याला बांधून ठेवली तर? गाड्या येतच राहतात, रांग वाढत जाते. तुम्ही गोळी ४० मिलिग्रॅमचीच घेता, पण रक्तात औषध साठतं त्याच्या कितीतरी पट. ते जास्तीचं औषध बाधतं मुख्यतः स्नायूंना. रोसुव्हास्टॅटिन, प्राव्हास्टॅटिन आणि पिटाव्हास्टॅटिन या बोटीवर फारशा अवलंबून नाहीत. त्यांच्या अडचणी वेगळ्या.

स्नायूंवरचा परिणाम बहुतेक वेळा दुखण्यावर थांबतो. क्वचित स्नायूंच्या पेशी फुटतात, त्यातलं प्रथिन रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. याला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. हे दुर्मीळ आहे, पण कागदावरचं नाही. सेरिव्हास्टॅटिन नावाची एक स्टॅटिन २००१ मध्ये याच कारणाने जगभरच्या बाजारातून काढून घ्यावी लागली, आणि तिच्यामुळे दगावलेल्यांपैकी अनेकजण सोबत जेमफायब्रोझिल हे चरबीचंच दुसरं औषध घेत होते.

पावसाळा, गजकर्ण आणि इट्राकोनॅझोल

कोकणात राहणाऱ्याने एकच टक्कर लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवावी. जून ते ऑक्टोबर आपले कपडे धड वाळत नाहीत. ओल्या चड्डीत, इरल्याखाली, रेनकोटच्या आत अंग घामेजलेलं. जांघेत आणि कमरेला गजकर्ण येतं, बरं होतं, परत येतं. (मध्येच एक सांगते: बरेचदा ते परत येतं ते कोणीतरी सुचवलेल्या स्टेरॉइड-मिसळ मलमामुळे. खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी मात्र आतल्या आत पसरते. ते मलम मागायला माझ्याकडे येऊ नका.) मग त्वचेचे डॉक्टर पोटातून इट्राकोनॅझोल हे बुरशीवरचं औषध देतात, अनेकदा आठवडेच्या आठवडे.

इट्राकोनॅझोल म्हणजे फेरीबोट बांधून ठेवणाऱ्यांचा म्होरक्या. त्याच्यासोबत अ‍ॅटॉर्व्हास्टॅटिनचं रक्तातलं प्रमाण सुमारे तिप्पट होतं. सिम्व्हास्टॅटिनचं तर दहापटीहून जास्त, म्हणून ती जोडी पूर्ण वर्ज्य. गंमत बघा, स्टॅटिनचा शोधच बुरशीतून लागला. जपानच्या अकिरा एन्डो यांना १९७० च्या दशकात पेनिसिलियम जातीच्या एका बुरशीत पहिली स्टॅटिन सापडली, आणि १९८७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेली लोव्हास्टॅटिनही बुरशीतूनच आली. बुरशीच्या पोटी जन्मलेलं औषध आता बुरशीवरच्या औषधाशी भांडतंय.

मग करायचं काय? गजकर्ण तसंच ठेवायचं नाही आणि स्टॅटिनही आपल्या मनाने बंद करायची नाही. त्वचेच्या डॉक्टरांना स्टॅटिनचं नाव आणि आकडा सांगायचा. त्यांच्याकडे वाटा आहेत. टर्बिनाफिन हे बुरशीचं दुसरं औषध ही बोट अडवत नाही. इट्राकोनॅझोलच हवं असेल तर अ‍ॅटॉर्व्हास्टॅटिन २० मिलिग्रॅमच्या वर जाऊ देत नाहीत, किंवा तेवढे दिवस ती थांबवतात, किंवा तिच्या जागी रोसुव्हास्टॅटिन देतात. स्टेंटवाल्याची गोळी थांबवायची की नाही, हे मात्र हृदयाच्या डॉक्टरांना फोन करूनच ठरायला हवं. आमच्या काकांच्या बाबतीत मी दुकानातून त्वचेच्या डॉक्टरांना फोन लावला. दोन मिनिटांत औषध बदललं गेलं.

इथे एक बारकी खोच आहे. इट्राकोनॅझोलची शेवटची कॅप्सूल घेतली म्हणजे बोट लगेच सुटली असं नाही. औषध शरीरातून पुरतं जायला एक ते दोन आठवडे लागतात. थांबवलेली स्टॅटिन परत कधी चालू करायची, ती तारीख चिठ्ठीवर लिहून घ्या. नाहीतर दोन गोष्टी होतात: एक तर माणूस दुसऱ्याच दिवशी चालू करतो, नाहीतर कायमचा विसरतो.

फ्लुकोनॅझोल, म्हणजे आठवड्यातून एकदा घ्यायची ती गोळी, इट्राकोनॅझोलपेक्षा सौम्य आहे, तरी सांगायचीच. कातडीवर लावायच्या साध्या बुरशीच्या मलमांतून रक्तात फारसं काही जात नाही. ती खुशाल लावा.

बाकीच्या टकरी

क्लॅरिथ्रोमायसिन. हे प्रतिजैविक छातीच्या संसर्गाला देतात, आणि पोटातल्या एच. पायलोरी जंतूवर जो तीन औषधांचा संच मिळतो त्यातही ते असतं. अ‍ॅटॉर्व्हास्टॅटिनचं प्रमाण चौपटीच्या पुढे नेऊ शकतं. एरिथ्रोमायसिन त्याच घराण्यातलं. अ‍ॅझिथ्रोमायसिन नावाने भाऊ वाटतं, पण ही बोट फारशी अडवत नाही. कोर्स सात ते चौदा दिवसांचा असतो, तेवढ्यापुरती स्टॅटिन थांबवायची का, हा प्रश्न डॉक्टरांना विचारण्याजोगा आहे.

कोल्चिसिन. पायाचा अंगठा रात्रीत सुजून लाल होतो, चादरसुद्धा लागू देत नाही, त्या गाउटवरचं हे औषध. तारली आणि कालवं मनसोक्त खाणाऱ्या आपल्या मुलखात ते बऱ्याच घरांत पडून असतं, आणि अंगठा दुखला की माणूस जुन्या पाकिटातली उरलेली गोळी घेतो. कोल्चिसिन स्वतःही स्नायूंना बाधू शकतं. स्टॅटिनची त्यात भर पडते, आणि मूत्रपिंड कमजोर असेल तर धोका आणखी वाढतो. उरलेल्या गोळ्या फेकून द्या.

जेमफायब्रोझिल कुठल्याच स्टॅटिनबरोबर नको. ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) फार वाढलेले असतील तर डॉक्टर फेनोफायब्रेट जोडतात, ते त्या मानाने बरं, पण तपासण्या लागतात.

रक्तदाबाच्या आणि हृदयाच्या गोळ्यांत डिल्टियाझेम आणि व्हेरापामिल बोटीचा वेग कमी करतात. अ‍ॅम्लोडिपिन घरोघरी आहे. तिची काळजी फक्त सिम्व्हास्टॅटिनबरोबर, तीही २० मिलिग्रॅमच्या वर असेल तर. रक्त पातळ ठेवणारी वॉरफेरिन किंवा असेनोकुमारोल चालू असेल आणि स्टॅटिन नव्याने सुरू झाली किंवा तिचा आकडा बदलला, तर आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ती तपासणी, लवकर करून घ्या. रोसुव्हास्टॅटिनवाल्यांनी तर नक्कीच.

टीबीवरचं रिफाम्पिसिन उलटं वागतं. ते जास्तीच्या बोटी सोडतं. स्टॅटिन झटपट निघून जाते आणि कोलेस्ट्रॉल खाली येत नाही. "गोळी लागू पडत नाही" असं म्हणण्याआधी टीबीचा कोर्स चालू आहे हे सांगा. मूत्रपिंड बसवलेल्यांची सायक्लोस्पोरिन आणि एचआयव्हीची काही औषधं हा फार नाजूक मामला. तिथे तज्ज्ञाला विचारल्याशिवाय एक गोळीही इकडची तिकडे नको.

अ‍ॅसिडिटीचं गुलाबी पाणी

रोसुव्हास्टॅटिनवाल्यांनो, हे तुमच्यासाठी. अ‍ॅल्युमिनियम आणि मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड असलेलं पातळ औषध, बाटलीतलं, पुदिन्याच्या किंवा बडीशेपेच्या वासाचं, गोळीसोबतच घेतलंत तर रोसुव्हास्टॅटिनचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर येतं. उपाय फुकटचा आहे. आधी स्टॅटिन, मग दोन तासांनी बाटली. रोसुव्हास्टॅटिन आणि अ‍ॅटॉर्व्हास्टॅटिन शरीरात बराच वेळ टिकतात, त्या दिवसातून कधीही घेतल्या तरी चालतात. जेवणानंतर जळजळणाऱ्याने सकाळी चहाच्या वेळी घ्याव्यात. सिम्व्हास्टॅटिन मात्र रात्रीच.

रोसुव्हास्टॅटिनबद्दल आणखी एक. आशियाई वंशाच्या लोकांच्या रक्तात तिचं प्रमाण गोऱ्या लोकांच्या सुमारे दुप्पट भरतं असं आढळलंय, म्हणून सुरुवात ५ मिलिग्रॅमने करण्याची शिफारस आहे. दुबईहून किंवा अमेरिकेहून पोराने आणलेली ४० ची बाटली म्हणून परस्पर उघडायची नाही.

पपनस, कोकम आणि ऑनलाइन कॅप्सुला

स्टॅटिनच्या इंग्रजी माहितीपत्रकात ग्रेपफ्रूट टाळा असं असतं. लोक विचारतात, ते काय असतं? ते आपल्याकडे फारसं मिळत नाही, पण ग्रेपफ्रूट हा पपनस आणि संत्रं यांचा संकर, आणि पपनस आपल्याकडे चतुर्थीला माटवीवर टांगलेलं असतं. ग्रेपफ्रूटमधली जी द्रव्यं आतड्यातली बोट अडवतात ती पपनसातही असतात. अ‍ॅटॉर्व्हास्टॅटिन घेणाऱ्याने प्रसादाच्या चार फोडी खाल्ल्या म्हणून आभाळ कोसळत नाही. रोज वाडगाभर खायचा किंवा रसाचा पेला प्यायचा नेम मात्र करू नका. सिम्व्हास्टॅटिनवाल्यांनी सरळ टाळावं. रोसुव्हास्टॅटिनवाल्यांना मोकळीक.

सोलकढी बंद करायची का, हा मला दर महिन्याला येणारा प्रश्न. नाही. ताटातलं कोकम स्टॅटिनच्या वर्ज्य यादीत नाही. पण कोकमाच्या नात्यातल्या एका फळाचा अर्क गार्सिनिया नावाने वजन कमी करायच्या कॅप्सुलांत भरून ऑनलाइन विकतात, आणि त्या घेणाऱ्यांत यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. त्या नकोत. तशीच "रेड यीस्ट राइस" नावाची, नैसर्गिक म्हणून विकली जाणारी कॅप्सूल. तिच्यातलं मोनाकोलिन के म्हणजे साक्षात लोव्हास्टॅटिन. म्हणजे परत अप्पांसारखीच गत, दोन स्टॅटिन. वैद्यांचा गुग्गुळ किंवा घरचं कडू किराईत चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. ओरडतील म्हणून लपवू नका.

लावणीची कळ की गोळीची?

आपल्याकडे हा प्रश्न सर्वांत अवघड. लावणीच्या दिवसांत गावात मांड्या आणि कंबर न दुखणारा माणूस शोधून सापडणार नाही. स्टॅटिनचं दुखणंही मांड्या, पोटऱ्या, कुल्ले, खांदे इथेच, आणि बहुधा दोन्ही बाजूंना. फरक असा ओळखा. कामाची कळ विश्रांतीने तीन-चार दिवसांत उतरते. औषधाची उतरत नाही, आणि तिच्यात अशक्तपणा असतो: पाटावरून उठताना हात टेकावा लागतो, जिना चढताना पाय भरून येतात. नवीन गोळी, वाढवलेला आकडा किंवा मध्ये आलेलं दुसरं औषध यांच्यानंतर काही दिवसांत किंवा आठवड्यांत असं झालं, तर डॉक्टरांना दाखवा. स्नायूंना इजा झालीय का हे दाखवणारी सीपीके नावाची रक्ततपासणी करतात. थायरॉइड कमी असलेल्यांना, सत्तरीपुढच्यांना, मूत्रपिंड कमजोर असलेल्यांना आणि अगदी कृश माणसांना हा त्रास लवकर होतो.

आणि तिसरा भिडू लेप्टो, म्हणजे उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या चिखल-पाण्यातून होणारा ताप. चिखलात उतरलेल्या माणसाला ताप, पोटऱ्यांत असह्य कळा, डोळे लाल. लेप्टोतही सीपीके वाढू शकतं, लेप्टोतही मूत्रपिंडं बिघडतात. घरी बसून फरक करायला जाऊ नका. ताप आणि अंगदुखी एकत्र असेल तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. "मी शेतात उतरलो होतो" आणि "माझी स्टॅटिन चालू आहे" ही दोन्ही वाक्यं तिथे बोला.

लघवी कोऱ्या चहासारखी काळपट झाली आणि स्नायू दुखत असतील, तर पुढची गोळी घ्यायची नाही आणि सकाळची वाटही बघायची नाही. रात्री असेल तर रात्री, ग्रामीण रुग्णालय किंवा जिल्हा रुग्णालय. डोळे पिवळे झाले तरी तेच.

शेवटचं काम: खिशातला कागद

एसटीच्या पासाएवढा पुठ्ठा कापा. वर नाव, वय. खाली घटकाची नावं, आकडे, कधीपासून. मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड यांपैकी काही असेल तर ते. याचा फोटो मोबाइलमध्ये, आणि एक फोटो मुंबईतल्या मुलाकडे. दाताच्या डॉक्टरांकडे, डोळ्यांच्या शिबिरात, वैद्यांकडे, कुठेही गेलात की बसण्याआधी तो टेबलावर ठेवायचा आणि विचारायचं: "हे चालू असताना तुमचं औषध चालेल ना?" दुकानातही तेच विचारा. घाईची वेळ असली तरी विचारा, आम्ही त्यासाठीच बसलोय.

औषधाने त्रास झालाच, तर डॉक्टरांना सांगून झाल्यावर १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावरही कळवता येतं. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणाऱ्या राष्ट्रीय कार्यक्रमाचा तो क्रमांक आहे.

काकांचा पुठ्ठा मीच करून दिला, औषधाच्या रिकाम्या खोक्याचा. पुढच्या वेळी आले तेव्हा तो पिशवीत सगळ्यात वर होता, आणि मागच्या कोऱ्या बाजूला त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं: "खाजीची गोळी – इचारून."